आठ बाइटांवर अडकलेला सीटी स्कॅन

“सर, पेशंटचं नाव जायलंय, पण फोटू जाईना गेलेत.”

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी खासगी रुग्णालय आहे. तिथल्या सीटी स्कॅनच्या टेक्निशियन मॅडमनी हे वाक्य त्या दिवशी सकाळपासून चार ठिकाणी सांगितलं होतं: रुग्णालयाच्या ऑफिसात, इंटरनेटवाल्याला, मशीनच्या हेल्पलाइनला आणि आमच्याच सपोर्टच्या मुलाला. सगळ्यांनी पिंग करून, म्हणजे छोटासा संदेश पाठवून उत्तर येतं का ते, पाहिलं, सगळ्यांना उत्तर आलं आणि सगळ्यांनी तक्रार बंद केली. माझ्याकडे ती संध्याकाळी आली, तेव्हा मोटारसायकलच्या अपघातातला एक तरुण डोक्याला मार लागून टेबलावर होता आणि त्याचा स्कॅन वाचणारे रेडिओलॉजिस्ट पुण्यात बसले होते.

आमचं काम थोडक्यात सांगतो. लहान रुग्णालयांत आम्ही महागडा राउटर ठेवत नाही. चार पोर्टांचा छोटा संगणक घेतो आणि त्यावर व्हायओएस चढवतो. डेबियन लिनक्सवर उभी असलेली ही प्रणाली 2013 मध्ये व्याटा या जुन्या राउटर-प्रणालीतून फुटून निघाली. राउटरचं सगळं काम त्यात सॉफ्टवेअरच करतं. बाहेरच्यांना वाटतं की अवघड भाग फायरवॉलचा असेल. खरा वेळ इंटरफेसमध्ये, म्हणजे राउटरच्या एकेका जोडणीच्या मांडणीत जातो. कुठला पोर्ट कुठला, इथपासून सुरुवात असते. ‘एथटूल’ या आज्ञेला सांगितलं की त्या पोर्टाचा दिवा लुकलुकतो, मग त्यावर चिकटपट्टी लावायची. पोर्टाचं नाव त्याच्या मॅक पत्त्याला (कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकाला) बांधायचं, म्हणजे उद्या आत नवं कार्ड बसवलं तरी बाहेरचा पोर्ट अचानक आतला होत नाही. आणि शेवटी एमटीयू, म्हणजे त्या इंटरफेसमधून एका वेळी जास्तीत जास्त किती बाइटांचं पॅकेट (डेटाचा एक गठ्ठा) जाऊ शकतं तो आकडा. या आकड्याकडे कोणी लक्ष देत नाही, कारण तो बहुतेक वेळा न सांगताच बरोबर असतो.

रुग्णालय आणि पुणे यांच्यामध्ये वायरगार्ड या सॉफ्टवेअरचा बोगदा आहे, म्हणजे इंटरनेटमधूनच जाणारी कुलूपबंद खासगी वाट. पुण्याच्या बाजूला स्थिर सार्वजनिक पत्ता आहे, गावाकडच्या बाजूला नाही. त्या सकाळी व्यवस्थापनाने खर्च वाचवायला लीज्ड लाइन (फक्त आपल्यासाठी भाड्याने घेतलेली जोडणी) काढून फायबर ब्रॉडबँड घेतलं होतं. ते आम्हाला कोणी कळवलं नव्हतं. इंटरनेटवाल्याचा माणूस आला, डबा लावला, मोबाइलवर स्पीड टेस्ट दाखवली आणि गेला. आकडा चांगला होता, म्हणून सगळे खूश होते.

मी पुण्याहून बोगद्यातूनच त्या राउटरवर एसएसएचने, म्हणजे दुरून आज्ञा द्यायच्या सोयीने शिरलो. बोगदा जिवंत होता, शेवटचा हँडशेक (दोन टोकांनी एकमेकांची ओळख पटवणं) मिनिटाभरापूर्वीचा. लहान आज्ञा दिल्या की उत्तर लगेच येत होतं. मग मी पूर्ण कॉन्फिगरेशन दाखवायला सांगितलं आणि पडदा गोठला. दुसरं सत्र उघडलं. पुन्हा तेच: छोटं उत्तर येतं, लांबलचक आलं की गोठतं.

मॅडमच्या वाक्याचा अर्थ मला तिथे लागला. पेशंटच्या नोंदीचा फॉर्म काहीशे बाइटांचा असतो. सीटीची एक स्लाइस म्हणजे 512 गुणिले 512 बिंदू, प्रत्येकाला दोन बाइट, म्हणजे अर्धा एमबी. ती पुण्याला जाताना पावणेचारशेच्या आसपास पॅकेटं होतात आणि शेवटचं सोडलं तर सगळी तुडुंब भरलेली. नेहमीचं पिंग 84 बाइटांचं. वायरगार्डचा हँडशेक जाताना 148 आणि येताना 92 बाइटांचा. सीटी मशीनवरचं ‘कनेक्शन तपासा’ बटणसुद्धा चिमूटभर डेटा पाठवून हिरवं होतं. म्हणजे सगळ्यांनी तपासलं ते लहान पॅकेट, आणि बाई सकाळपासून सांगत होत्या ते मोठ्या पॅकेटबद्दल. त्यांनी निदान करूनच दिलं होतं.

बाकीचं शोधायला फार वेळ लागला नाही. गावाकडून पुण्याच्या सार्वजनिक पत्त्याला, बोगद्याच्या बाहेरून, तुकडे करायला मनाई करून पिंग केलं. 1464 बाइटांचा मजकूर गेला. 1472 चा गेला नाही. उत्तर नाही आणि ‘पॅकेट मोठं आहे’ अशी सूचनाही नाही. 1464 मध्ये पिंगच्या आणि आयपीच्या शीर्षकांचे, म्हणजे पॅकेटावरच्या पत्त्याच्या चिठ्ठ्यांचे, 8 आणि 20 मिळवले की 1492 होतात. हा आकडा दिसला की या धंद्यातल्या कोणालाही पीपीपीओई आठवतं, म्हणजे ब्रॉडबँडवर लॉगिन करून जोडणी घ्यायची पद्धत. इथरनेटच्या 1500 मधून ते आपल्या शीर्षकासाठी 8 बाइट घेतं. नव्या डब्यात तेच चालू होतं, आणि आमच्या राउटरला मात्र डबा साधा 1500 चा इथरनेट दाखवत होता.

आता बोगद्याचा हिशेब. वायरगार्ड आयपीव्ही4 वर (इंटरनेट पत्त्यांची जुनी पद्धत, आयपीव्ही6 ही नवी) प्रत्येक पॅकेटाला 60 बाइटांचं वेष्टन घालतं. त्याचा न सांगता मिळणारा एमटीयू 1420 असतो, कारण तो आयपीव्ही6 साठीचे 80 सोडून काढलेला आहे. आमच्याच एका जुन्या सहकाऱ्याने लीज्ड लाइनच्या काळात तो हाताने 1440 केला होता. 1440 अधिक 60, बरोबर 1500. तेव्हाच्या लाइनवर ते चोख होतं आणि प्रत्येक पॅकेटात वीस बाइट जास्त बसत होते. हुशारीचं काम होतं, मी त्याला दोष देत नाही. पण इंटरफेसवर ‘डिस्क्रिप्शन’ लिहायची सोय असते आणि तिथे त्याने काही लिहिलं नव्हतं, याचा मला राग आला. ‘1500 ची लाइन असेल तरच’ एवढं पुरलं असतं.

1500 चं वेष्टित पॅकेट डब्यापाशी पोचतं. वायरगार्ड बाहेरच्या पॅकेटवर तुकड्यांची मनाई लावत नाही, म्हणून डबा गुपचूप त्याचे दोन तुकडे करतो. पहिला 1492 चा. दुसऱ्यात उरलेले आठ बाइट आणि 20 चं आयपी शीर्षक, एकूण 28. पोर्ट क्रमांक, म्हणजे पॅकेट कोणत्या जोडणीचं ते सांगणारा आकडा (राउटरवरचा पोर्ट वेगळा), फक्त पहिल्या तुकड्यात असतो. पुढे इंटरनेटवाल्याकडे अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलेले असतात आणि तिथलं यंत्र कोणाचं काय ते पोर्ट बघून ठरवतं. आठ बाइटांच्या शेपटाला पोर्टच नाही. नीट यंत्र दोन्ही तुकड्यांची सांगड घालतं, इथलं घालत नव्हतं. पुण्याच्या राउटरवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेटं टिपणारं साधन) लावल्यावर स्वच्छ दिसलं: पहिले तुकडे येत होते, दुसरा एकही नाही. जुळवणी फसल्याचा काउंटर डोळ्यांदेखत वाढत होता. लिनक्स अशा अर्ध्या पॅकेटासाठी 30 सेकंद वाट बघतं आणि मग ते टाकून देतं. उलट्या दिशेचं सगळं सुरळीत येत होतं, त्यामुळे नुसतं डाउनलोड तपासणाऱ्याला काही सापडणारच नव्हतं.

मी दोन्ही टोकांना एमटीयू 1420 केला. 1432 चालला असता, पण पुन्हा काठावर नेऊन ठेवायची माझी तयारी नव्हती. ज्या बोगद्यातून आत शिरलोय त्याचाच इंटरफेस बदलताना साधा कमिट (बदल लागू करायची आज्ञा) द्यायचा नाही. ‘कमिट-कन्फर्म’ द्यायचा, म्हणजे ठरलेल्या मिनिटांत आपण पक्कं केलं नाही तर राउटर स्वतःहून जुन्या मांडणीवर परत जातो. अडीचशे किलोमीटरपेक्षा लांब, रात्री, दुसरा मार्ग नसताना हीच एक सोय आपल्याला वाचवते. पक्कं केलं आणि मॅडमना रांगेतले स्कॅन पुन्हा सोडायला सांगितलं.

“निघालेत सर. निघालेत.”

तोपर्यंत तो तरुण तिथे नव्हता. मॅडमनी मॉनिटरवरच्या स्लाइसचे मोबाइलने फोटो काढून पुण्याच्या डॉक्टरांना पाठवले होते. डॉक्टरांनी त्यावरच आत रक्तस्राव दिसतोय, लातूरला हलवा, असं सांगितलं आणि अॅम्ब्युलन्स निघाली होती. पूर्ण स्कॅन नंतर पोचला. त्या फोटोंत न दिसलेलं काही पूर्ण स्कॅनमध्ये होतं का, हे मी डॉक्टरांना विचारलेलं नाही. तो माझा अधिकार नाही, पण प्रश्न डोक्यातून जात नाही.

दुसरा प्रश्न आमच्या माणसांबद्दलचा आहे. मॅडमनी आयटीचे शब्द वापरले असते, ‘पॅकेट लॉस’ म्हणाल्या असत्या, तर आमच्या मुलाने कान टवकारले असते. त्यांनी जे दिसलं ते अचूक सांगितलं, त्यांच्या बोलीत, आणि आमच्या मुलाने ते फक्त ‘नेट चालत नाही’ एवढंच लिहून घेतलं. तक्रारीच्या तिकिटावर हेच शब्द आहेत. त्यांचं वाक्य तिथे कुठेच नाही. मी ते आता तिकिटाच्या पहिल्या ओळीत जसंच्या तसं टाकलं आहे आणि सपोर्टच्या सगळ्यांना ते वाचायला लावलं आहे.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलं, “मला इथूनच बघता येतंय का, मोठं जायलंय का नाही ते?” सीटी शेजारच्या विंडोजच्या संगणकावरून तुकड्यांची मनाई लावून 1392 बाइटांचं पिंग कसं करायचं ते फोनवर शिकवलं. 28 मिळवले की बरोबर 1420. त्यांनी ती ओळ लिहून मॉनिटरला चिकटवली. रुग्णालयातल्या सगळ्या नेटवर्कची याहून नेमकी तपासणी दुसरी कोणी करत नाही.

इंटरनेटवाल्याकडे मी दोन मागण्या केल्या आहेत. डबा ब्रिज मोडवर टाका, म्हणजे पीपीपीओई आमच्या राउटरवर संपेल आणि 1492 हा आकडा त्याला स्वतःला कळेल. आणि तुकडे का गळतात ते बघा, कारण त्या यंत्रामागे तालुक्यातली बाकीची गिऱ्हाईकंही आहेत. काल उत्तर आलं: लिंक चालू आहे, पिंग व्यवस्थित आहे, तक्रार बंद करत आहोत. मी टीसीपीडंपची फाइल जोडून ती पुन्हा उघडली आहे.