आठ बाय बेचाळीस

महाबळेश्वर ठरलं की आमच्या घरात हॉटेलवरून वाद होतो. जंगल ठरलं की वाघावरून होतो, आणि वाघ समोर नसल्यामुळे तो मिटता मिटत नाही.

"एवढे पैसे घालायचे आणि दिसलाच नाही तर?" बाबांनी पहिल्याच दिवशी विचारलं. महाबळेश्वरला धुक्यात एकही पॉइंट दिसला नव्हता, तेव्हा हेच बाबा परत आल्यावर "काय धुकं होतं!" म्हणून चार घरी कौतुकाने सांगत होते. वाघाला ती सवलत नाही.

मी मेळघाट सुचवून पाहिलं. 1973-74 मध्ये देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यातला तो एक. डोंगर आहेत, दऱ्या आहेत, चिखलदऱ्याची हवा आहे. पण "तिथे वाघ दिसत नाही म्हणे" या एका वाक्यावर प्रस्ताव बारगळला. ताडोबा ठरलं. मग महिना कुठला? पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, बंदच असतो. डिसेंबरात उघड्या जिप्सीत बोटं गोठतात आणि रान दाट असतं. मे महिन्यात पानगळ झालेली असते, पाणी आटून थोडक्या पाणवठ्यांवर आलेलं असतं, म्हणून वाघही तिथेच सापडतो. शिवाय मुलांना सुट्टी. मे पक्का करून नागपूरच्या मावशीला फोन केला.

"मे मध्ये काहून येऊन राहिले बाप्पा? भाजून निघान ना!" मावशी म्हणाली. मग स्वतःच सावरून यादी सांगायला लागली: प्रत्येकाला सुती दुपट्टा, डोक्याला आणि कानाला गच्च बांधायचा; पन्ह्याचा अर्क; आणि खिशात एक कांदा, ऊन लागू नये म्हणून. कांद्याला आम्ही फोन ठेवेपर्यंत हसलो नाही, एवढं सौजन्य पाळलं.

बुकिंग करताना बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले. नागपूरहून चिमूरवाटे गेलं तर कोलारा गेट, चंद्रपूरकडून मोहर्ली. एका जिप्सीत सहा जण, वर गाइड आणि ड्रायव्हर. मंगळवारी जंगल बंद. हे ऐकून आई खूश झाली, कारण मंगळवारी तिचा उपास असतो. बफरची, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातली, सफारी स्वस्त दिसत होती, पण बाबांच्या लेखी बफर म्हणजे वेटिंग लिस्ट. मी सांगून पाहिलं, की बाबा, कोअरच्या 20 टक्क्यांहून जास्त भागात पर्यटकांना नेऊ नये असं 2012 पासूनच्या मार्गदर्शक सूचनाच सांगतात. उरलेल्या भागात वाघ आपल्याला न विचारता राहतात, आणि बफरची हद्द त्यांना कुणी शिकवलेली नाही. बाबांनी "बरं" म्हटलं आणि कोअरवरच बोट ठेवलं.

कपड्यांवर मात्र खरा घोळ झाला. बाबांचे झाडून सगळे शर्ट पांढरे. रानात पांढरं लांबून उठून दिसतं, खाकी किंवा मातकट घाला, एवढं सांगितल्यावर ते म्हणाले, "आणि वाघ भगवा असतो तो?" प्रश्न बिनतोड वाटला, पण उत्तर आहे. चितळाला तांबडा आणि हिरवा रंग वेगळे कळत नाहीत, म्हणून वाघाचा भगवा त्याच्या डोळ्यांत गवतातच मिसळून जातो. बाबांनी दोन मातकट शर्ट घेतले. पावती अजून ते पाकिटात बाळगून आहेत.

दुर्बीण शेजाऱ्यांकडून उसनी आणली. तिच्यावर लिहिलंय 8×42. म्हणजे वस्तू आठ पट जवळ, आणि पुढच्या भिंगाचा व्यास 42 मिलिमीटर. "वीस पटीची नाही का त्यांच्याकडे?" बाबांचा हिशोब साधा होता. पण मोठं करून दाखवणारी दुर्बीण हाताची थरथरसुद्धा तितकीच मोठी करते, आणि जिप्सी तर इंजिन बंद असतानाही सहा माणसांच्या चुळबुळीने हलते. सराव म्हणून मी बाल्कनीत उभी राहिले. समोरच्या इमारतीतल्या काकूंच्या ओट्यावरचा चहाचा डबा इतका स्पष्ट दिसला, की झाकणावरचा पोचाही मोजता आला. तेवढ्यात डब्यामागून काकूंनी हात हलवला. सराव तिथेच थांबला.

यादीत कुणीच न लिहिलेली, पण सगळ्यांच्या मनात असलेली गोष्ट म्हणजे चहा. सफारी चांगली तीन-चार तासांची, मध्येच गाडीतून उतरायला मनाई. पहाटे चारला चहा घ्यायचा की नाही, घेतला तर अर्धा की पाऊण, यावर ज्येष्ठ मंडळींची बंद दाराआड बैठक झाली. निर्णय आम्हाला कळवण्यात आला नाही.

गेटवर पहाटे मूळ ओळखपत्रं तपासली. मोबाइल बंद करून ठेवून द्यायला लावले. गाइड जवळच्याच गावचा, खांद्यावर दुपट्टा आणि हातात पाण्याची बाटली, बस्स. आमच्या पाच पिशव्यांकडे त्याने एकदा पाहिलं आणि सौजन्य पाळलं. वरच्या खिशात त्याच्या काहीतरी गोल होतं. मी आईकडे पाहिलं, आईने दुसरीकडे.

आत शिरून दहा मिनिटं झाली असतील. ड्रायव्हरने गाडी थांबवली. गाइड खाली वाकून धुळीकडे बोट दाखवत हळूच म्हणाला, "मादी हाये. काल संध्याकाळच्या टायरवरून गेली, म्हणजे रातची." आम्ही सहाही जण एकाच बाजूला कललो. चार बोटं आणि मागे रुंद गादी, टायरच्या नक्षीवर नीट उमटलेली.

बाबांनी घाईघाईने दुर्बीण डोळ्यांना लावली, चाक फिरवलं, पुन्हा उलटं फिरवलं. नुसतं धूसर. पाऊल गाडीच्या चाकापासून हातभर अंतरावर होतं.