उडी न मारण्याचा सराव

चाकण परिसरातील कारखान्यांत फोर्कलिफ्ट चालकांना सुरक्षिततेचे प्रशिक्षण देताना मी सुरुवातीला एकच प्रश्न विचारतो: गाडी कलंडू लागली तर काय कराल? बहुतेक जण क्षणभरही न थांबता सांगतात, "सर, उडी मारणार." हे उत्तर जिवावर बेतणारे आहे. बसून चालवायच्या फोर्कलिफ्टमधून घाबरलेला माणूस बहुधा गाडी पडत असते त्याच बाजूला उडी मारतो आणि डोक्यावरच्या संरक्षक छताची जड लोखंडी चौकट त्याच्या अंगावर येते. अशा वेळी बेल्ट लावलेला असावा, स्टिअरिंग घट्ट धरावे, पाय रोवावेत आणि अंग पडत्या बाजूच्या उलट दिशेला झुकवावे. (उभ्याने चालवायच्या, मागून चढ-उतार असलेल्या यंत्रांना हा नियम लागू नाही, तेथे मागे पाऊल टाकून बाहेर पडायचे असते.)

गाडी का कलंडते, हे समजल्याशिवाय ही शिकवण पटत नाही. पुढची दोन चाके आणि मागच्या आसाचा मध्यबिंदू यांचा जो त्रिकोण होतो, त्याच्या आत गाडी आणि माल यांचा एकत्रित गुरुत्वमध्य राहिला, तरच गाडी उभी राहते. माल उंच उचललेला असताना वळण घेतले की हा मध्य पाहता पाहता त्रिकोणाच्या बाहेर सरकतो. रिकामी गाडीही वेगात वळताना आडवी होऊ शकते, हे ऐकून अनुभवी चालकांनाही आश्चर्य वाटते. क्षमतेच्या पाटीवरचा आकडाही असाच फसवा ठरतो. पाटीवर ३,००० किलो लिहिलेले असले, तरी ते बहुधा मालाचे केंद्र माल उचलणाऱ्या काट्यांच्या टाचेपासून (ते गाडीला जोडलेले असतात त्या टोकापासून) ५०० मिलिमीटरवर असतानाच खरे असते. खोका १,२०० मिलिमीटर लांब असेल तर केंद्र ६०० वर जाते आणि गाडी तेवढे वजन सुरक्षितपणे पेलू शकत नाही. एका कारखान्यात मी ही पाटी शोधू लागलो, तर यंत्राला नवा रंग देताना तीही रंगवून टाकलेली होती.

त्याच यंत्रावर दुसरी गोष्ट दिसली. सीटबेल्टचे बक्कल आसनाच्या पाठीमागून नेऊन कायमचे अडकवून ठेवले होते, म्हणजे बझर वाजत नाही आणि दर फेरीला बेल्ट काढ-घाल करावी लागत नाही. मला त्या चालकाचा राग आला नाही. शिफ्ट संपण्याआधी ट्रक भरून निघालाच पाहिजे, असा तगादा लावणारा सुपरवायझर प्रशिक्षणाला कधी बसलेलाच नव्हता. माझ्या मते त्याला पहिल्या रांगेत बसवायला हवे.

राष्ट्रीय सुरक्षा दिनी, ४ मार्चला, सभागृहात शपथ होते, व्याख्यान होते, हजेरीपत्रकावर सह्या होतात. त्यांना माझा विरोध नाही, पण सवय हातापायांत असते आणि ती खुर्चीत बसून बदलत नाही. ज्याने आयुष्यभर टेम्पो चालवला आहे, त्याचे हात पुढच्या चाकांनी वळायला सरावलेले असतात. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते, तिचा मागचा भाग बाहेर फिरतो आणि नेमका तेथेच कोणी तरी पॅलेट मोजत उभा असतो. अमेरिकेतील 'ओशा' या कामगार-सुरक्षा यंत्रणेचे नियम म्हणूनच वर्गातील शिकवणीसोबत प्रत्यक्ष सराव आणि कामाच्या जागी मूल्यमापन मागतात. तीन वर्षांतून किमान एकदा मूल्यमापन आणि अपघात किंवा थोडक्यात टळलेला प्रसंग घडल्यास पुन्हा प्रशिक्षण बंधनकारक आहे.

मी शेवटचा अर्धा तास बंद, हँडब्रेक लावलेल्या यंत्रावर घालवतो. चालक बेल्ट लावून बसतो, मी अचानक "डावीकडे!" असे ओरडतो आणि त्याने उजवीकडे झुकून स्टिअरिंग आवळायचे असते. पहिल्या खेपेला बहुतेकांचा हात बक्कलाकडे जातो. पाचव्या-सहाव्या खेपेनंतर तो स्टिअरिंगवरच राहू लागतो, आणि तोपर्यंत मी पुढच्या माणसाला बसवत नाही.