तुम्ही विचारलंत म्हणून: चेहऱ्याला नक्की काय टोचून घ्यायचं?

"चेहऱ्याला काय केलंस गं?" हे मला चुलतबहिणीपासून सोसायटीतल्या काकूंपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय, आणि लगेच पुढचा प्रश्न, "मग आम्ही काय घेऊ, प्रोफायलो, पीआरपी की ते सालमनवालं?" तर एकदाच लिहून टाकते. मी डॉक्टर नाही, नुसती टोचून घेतलेली बाई आहे.

आधी तक्रार काय ते सांगा. माझी स्किन चाळिशीनंतर कोरडी, चुरगळलेल्या कागदासारखी झालेली, डाग नाहीत, खड्डे नाहीत, म्हणून प्रोफायलो. त्यात पाणी धरून ठेवणारं हायल्युरॉनिक ॲसिड असतं, 2 मिलीत 64 मिलिग्रॅम, एका बाजूला 5 असे 10च टोचे, महिन्याने परत एकदा. फिलरसारखे गाल भरत नाहीत. पण टोचल्या जागी डास चावल्यासारखे फुगवटे येतात आणि मी शहाणी त्याच संध्याकाळी भाचीच्या केळवणाला गेले, तिथे प्रत्येकीने ओडोमॉसची चौकशी केली.

बहिणीला पिंपल्सचे खड्डे, तिने पीआरपी केलं, म्हणजे आपलंच रक्त मशीनमध्ये फिरवून त्यातल्या प्लेटलेट्स परत चेहऱ्यात. औषध विकत घ्यायचं नाही म्हणून खर्च कमी, पण सिटिंग जास्त, आणि प्लेटलेट्स कमी असतील किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. सालमनवालं म्हणजे पॉलीन्यूक्लिओटाइड, माशाच्या वीर्यातून काढलेल्या डीएनएचे तुकडे (माझी मालवणी मैत्रीण हे ऐकून दोन मिनिटं गप्प बसली, जे कधीच होत नाही). डोळ्यांखालच्या पातळ त्वचेसाठी बरेच डॉक्टर ते सुचवतात. दुखतं मात्र, आणि माशांची ॲलर्जी असेल तर नकोच.

ग्लुटाथिओनचं ड्रिप या यादीत धरूच नका. ते गोरं व्हायला म्हणून विकतात, आणि गोरेपणासाठी ते शिरेतून घेण्याविरुद्ध फिलिपिन्सच्या एफडीएने उघड इशारे दिलेत, किडनी-लिव्हरचा धोका सांगून.

काहीही घ्या, पण त्वचेच्या डॉक्टरांकडेच, आणि सीलबंद बॉक्स समोर फोडायला सांगा. लाजू नका, पैसे आपले आहेत.

आणि काकू, तुमचे वांग आहेत हो. त्यावर यातलं काही घेऊ नका, आपल्या रंगाच्या कातडीवर सुईची जखम उलट काळी पडू शकते. आधी तीन महिने रोज सनस्क्रीन लावा, भाजी आणायला जातानासुद्धा, मग भेटू.