‘हाफ डे फिशिंग’च्या नावाखाली अंदमानच्या खाडीत अडकलो, त्याची हकीकत

अंदमानला गळ टाकायला जाणार असाल तर पौर्णिमा-अमावस्येच्या आगेमागे दोन-तीन दिवस दुपारची अर्ध्या दिवसाची ट्रिप घेऊ नका. सवलत दिली तरी नको, ‘आज मासा जोरात आहे’ म्हणाले तरी नको. मी घेतली आणि अडीच तासांहून जास्त वेळ चिखलात बसलो. त्या बसण्याचे पैसेही वर माझ्याकडूनच घेतले. हे सगळं तपशिलात लिहितोय, कारण जायच्या आधी मी शोधत होतो तेव्हा सगळीकडे हातात मासा धरलेले फोटोच दिसले, वेळेबद्दल कोणी चकार शब्द लिहिला नव्हता.

फेब्रुवारीत मी आणि माझा मेहुणा आठ दिवस गेलो होतो. सेल्युलर जेल, स्वराज द्वीप, राधानगरचा किनारा हे सगळं झालं, छान झालं, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मासेमारीसाठी दोन दिवस राखले होते. पहिल्या दिवशी सकाळची ट्रिप मागितली, तर श्री विजयपुरमच्या (म्हणजे जुन्या पोर्ट ब्लेअरच्या) आयोजकाने सांगितलं की सकाळ दुसऱ्या ग्रुपला दिली आहे, तुम्ही दुपारी साडेबाराला निघा, साडेपाचला परत, पाच तास, १४,००० रुपये, सगळं धरून. मी विचारलं, भरती-ओहोटी कशी आहे? ‘एकदम बढिया टाइम है सर.’

इथे माझीही चूक झाली. मी दाभोळच्या खाडीत वीस वर्षं गळ टाकतोय. आपल्याकडे तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ मिळते: पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. त्या दिवशी पौर्णिमेनंतरची प्रतिपदा होती. मी हिशेब केला, पूर्ण भरती पाऊण वाजता, म्हणजे आपण निघतो तेव्हा खाडी तुडुंब असणार आणि ओहोटी संपायला सात वाजणार. हा हिशेब आपल्या किनाऱ्याचा आहे. बंगालच्या उपसागरात भरतीची लाट वेगळ्या वेळेला पोचते, तिथे आपली पाऊणकी चालत नाही. त्या दिवशी तिथे पूर्ण भरती सकाळी साडेदहाच्या सुमाराला होऊन गेली होती आणि सुकती, म्हणजे पाणी सर्वांत खाली जाण्याची वेळ, पावणेपाचच्या आसपास होती. भरती-ओहोटीचं कोष्टक भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी काढतो, हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावरही अंदाज मिळतो. दोन मिनिटांचं काम होतं, ते मी केलं नाही. तुम्ही करा, आणि बुकिंगच्या आधी करा.

जेट्टीवर दुसरा धक्का बसला. फोटोत दाखवली होती फायबरची बोट, मागे आउटबोर्ड इंजिन. समोर उभी होती लाकडी डुंगी, आत बसवलेलं डिझेल इंजिन आणि तळातून बाहेर आलेला पंखा. हा फरक नुसता दिसण्याचा नाही. आउटबोर्ड उथळ पाण्यात वर उचलता येतं. डुंगीचा पंखा उचलता येत नाही, पाणी कमी झालं की तो आधी चिखल कापतो आणि मग रुततो. खाडीत जायचं असेल तर इंजिन कुठलं, एवढं विचाराच. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर बुकिंग करू नका.

डुंगीवाल्याबद्दल मात्र माझी काडीचीही तक्रार नाही. पन्नाशीचा माणूस, कमी बोलणारा. निघतानाच त्याने पाण्याकडे बघून म्हटलं होतं, ‘सर, आज पानी जल्दी उतरेगा.’ आयोजकाने त्याला तिथेच गप्प केलं. त्याच क्षणी मी उतरायला हवं होतं.

खाडीच्या मुखाशी पोचायला पन्नास मिनिटं गेली. हा वेळ पाच तासांतच धरलेला असतो, येतानाचाही. म्हणजे पाच तासांच्या ट्रिपमध्ये गळ पाण्यात जेमतेम सव्वातीन तास. ‘अर्धा दिवस’ कुठून कुठपर्यंत मोजता, हे लेखी घ्या.

आता मासेमारीबद्दल, कारण ती दोन तास खरोखर जबरदस्त होती. साधारण सहा तासांच्या ओहोटीत पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. पहिल्या तासात थोडं, शेवटच्या तासात थोडं, आणि मधल्या दोन तासांत जवळजवळ अर्धं पाणी निघून जातं. आम्ही नेमके त्या मधल्या वेळात आत शिरलो. तिवरांच्या मुळांतून छोट्या ओघळ्या खळाळत बाहेर येत होत्या आणि त्यांच्याबरोबर बारीक मासळी, कोलंबी. मोठा मासा अशा ओघळीच्या तोंडाशीच टपून बसतो. काठाला वाळलेली, पांढरी पडलेली खोडं पाण्यात उभी होती. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन जवळपास मीटरभर खचली, समुद्र आत आला आणि खाऱ्या पाण्यात झाडं उभ्याउभ्या मेली, असं डुंगीवाल्याने दाखवलं. त्या खोडांच्या बुडाशी लूअर (नकली आमिष) टाका म्हणाला.

तिसऱ्या-चौथ्या फेकीला लूअर पाण्यावर आपटून जेमतेम दोन हात आलं असेल, तोच खोडाच्या सावलीतून एक तांबूस झोत सुटला. तांबोशी. ज्यांनी फक्त पाकिटातल्या आमिषावर मासे धरलेत त्यांना सांगतो, हा मासा आमिष घेतो आणि त्याच हिसक्यात मुळांकडे वळतो. पहिल्या दोन सेकंदांत त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं नाही तर लाइन खोडावर घासून तुटलीच म्हणून समजा. मी अंगठ्याने रिळाची वाटी दाबून धरली, रॉड खाली पाण्याकडे वळवला आणि आडवा ओढला. मासा डुंगीला येऊन टेकला तेव्हा हात थरथरत होते. अडीच किलोच्या घरात असेल. पाठ काळपट लाल, खवल्यांच्या कडा विटकरी, पुढचे सुळे स्पष्ट दिसणारे. लीडरचा, म्हणजे लूअरला बांधलेल्या जाड दोरीचा, शेवटचा वीतभर भाग सुताच्या दोऱ्यासारखा खरबरीत झाला होता. तो तुकडा मी कापून पाकिटात ठेवला आहे.

मासा सोडला, आणि तुम्हीही सोडा असं मी आग्रहाने सांगेन. तांबोशीची पिल्लं खाडीत वाढतात आणि मोठी झाली की बाहेर खडकांवर जाऊन तिथे प्रजनन करतात. म्हणजे खाडीतला जवळजवळ प्रत्येक मासा अजून एकदाही न व्यालेला असतो. जिताड्याचं आणखी वेगळं: तो आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणून मोठा जिताडा मारणं म्हणजे अंडी घालणारी मादी मारणं. गरीची काटेरी टोकं घरूनच पक्कडीने दाबून न्या, सोडताना माशाचा जबडा फाटत नाही. आपल्या बोटात गरी घुसली तरी ती सुटते, आणि त्या खाडीत दवाखाना दूर आहे.

सव्वातीनला डुंगीवाला म्हणाला, चला. मेहुणा म्हणाला, अजून पाच फेकी. त्या पाच फेकी आम्हाला महागात पडल्या. मुखाशी चिखलाची एक वळी आडवी आहे, येताना तिच्यावरून सहज आलो होतो. आता तिथे पाणी गुडघाभरही नव्हतं. डुंगीने एकदा जोर केला, इंजिनाचा आवाज बदलला, मागून काळा चिखल उसळला आणि आम्ही थांबलो. साडेतीनला पाच मिनिटं कमी होती.

मेहुणा लगेच उतरून ढकलायला निघाला. डुंगीवाल्याने त्याचा दंड धरला आणि त्या दिवशी पहिल्यांदा आवाज चढवला, ‘पैर बाहर मत निकालना.’ खाऱ्या पाण्यातल्या मगरी तिथल्या खाड्यांत राहतात, ही सांगोवांगीची गोष्ट नाही. २०१० साली हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, स्नॉर्कलिंग करणारी एक परदेशी तरुणी मगरीने मारली होती. शिवाय चिखल असा की मांडीपर्यंत पाय जातो आणि निघत नाही. अडकलात तर बसून राहा. हात पाण्यात धुऊ नका, मासा काठावर साफ करू नका, आमिषाचा कचरा बोटीजवळ टाकू नका.

पावणेपाचपर्यंत पाणी उतरतच राहिलं. डुंगी एका कुशीवर कलली. मोबाइलला रेंज नाही. साडेपाचला सूर्य बुडाला, कारण घड्याळ आपलंच असलं तरी अंदमान आपल्यापेक्षा कितीतरी पूर्वेला आहे, तिथे फेब्रुवारीत सहाला काळोख होतो. तो होण्याआधीच डास आले. मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता, पण पाय उघडे होते. दुसऱ्या दिवशी दोन्ही घोट्यांवर चावे मोजवत नव्हते. पिण्याचं पाणी दोघांत मिळून अर्धी बाटली उरलं होतं. ‘सगळं धरून’ म्हणजे एक एक लिटरच्या दोन बाटल्या, एवढंच होतं. लाइफ जॅकेटं दोन होती, माणसं तीन. बोटीवर एकच टॉर्च आणि तोही मंद.

सव्वासहाच्या जरा आधी, पूर्ण अंधारात, डुंगी एकदा हलकीशी डोलली. डुंगीवाल्याने लांब बांबूने चिखलात रेटा दिला, परत दिला, आणि बोट सुटली. पूर्वेला चंद्र अजून वर आला नव्हता. त्याने इंजिन अगदी हळू चालवलं आणि मेहुण्याला पुढे टॉर्च धरून बसवलं. त्या पन्नास मिनिटांत आम्ही तिघं एक शब्द बोललो नाही.

सातच्या पुढे जेट्टीवर पोचलो तर आयोजक उभाच. बरे आहात का, हा प्रश्न नाही. पहिलं वाक्य, ‘सर, दीड घंटा ओव्हरटाइम हुआ.’ त्याचे २,५०० रुपये, शिवाय खोडात अडकून तुटलेल्या एका लूअरचे ८००. आम्ही दमलो होतो, तहानलेलो होतो, तरी मी पंधरा मिनिटं भांडलो. ओहोटीची वेळ त्याला माहीत होती, डुंगीवाल्याने त्याच्या समोर सांगितलं होतं, बोट वेगळी दिली, आणि अडकण्याचं भाडं आम्ही का द्यायचं? शेवटी १,५०० देऊन सुटलो. देऊ नयेत असं आजही वाटतं. तुमच्यावर ही वेळ आली तर आगाऊ रकमेपेक्षा एक रुपयाही देऊ नका, आणि आगाऊ रक्कम निम्म्याच्या वर ठेवू नका. तुटलेल्या लूअरचा दर, डिझेल, उशीर झाल्यास काय, हे तिन्ही निघण्याआधी मेसेजवर लिहून घ्या. जो लिहून देत नाही त्याच्याकडे जाऊ नका.

सामानाबद्दल थोडक्यात. तीन-चार तुकड्यांचा साडेसहा-सात फुटी रॉड न्या, विमानात लांब नळीची कटकट नको. गऱ्या, पक्कड, सुरी चेक-इन बॅगेत. ४००० ते ५००० आकाराचं रीळ, चाळीस पौंडांची ब्रेड (विणलेली) लाइन, पन्नास ते साठ पौंडांचा लीडर. खाडीत याहून बारीक लीडर नेणं म्हणजे लूअर दान करणं. एरवी ड्रॅग (रिळाचा ब्रेक) लाइनच्या ताकदीच्या चौथाईवर ठेवतात, तांबोशीसाठी तो बराच घट्ट लागतो. पोलराइज्ड चष्म्याशिवाय पाण्यातली खोडं दिसत नाहीत. स्वतःचा हेडलॅम्प, माणशी तीन लिटर पाणी आणि डासांचं मलम बोटीवर दिलेलं असो वा नसो, जवळ ठेवा. वंडूरचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ पासून आहे, त्याच्या हद्दीत मासेमारीला बंदी आहे. बोट कुठे नेणार ते विचारा, नाहीतर दंड तुमच्याही वाट्याला येईल.

दुसरा दिवसही त्याच आयोजकाकडे होता, तो रद्द केला. डुंगीवाल्याला रात्री फोन करून विचारलं, तुम्ही स्वतः न्याल का? तो म्हणाला, पहाटे पाचला या, पाणी अकरापर्यंत भरत राहील, दहाला आपण बाहेर. पैसे त्याने ६,००० सांगितले. पाचच्या आधी पोचलो तेव्हा तो डुंगीत बसून विझत आलेल्या टॉर्चच्या बॅटऱ्या बदलत होता, आणि बाकावर तीन लाइफ जॅकेटं ठेवली होती.