ढब्बूचा गुडघा

११ जुलै

तीन आठवडे आम्ही त्याला संधिवात म्हणत होतो. पावसाळी हवा, वय दहा, जात लॅब्रॅडॉर, सगळं जुळत होतं. मागचा डावा पाय नुसता बोटांवर टेकवायचा. बसला की तो पाय पोटाशी न घेता बाजूला फेकायचा. मी म्हणायचे, म्हातारा झालाय, ऐसपैस बसतो. आज डॉक्टरांनी त्याच्या दोन्ही मांड्यांवर माझे हात ठेवले. डावी उजवीपेक्षा चांगलीच बारीक. पाय वापरतच नाहीये तो.

मग त्याला कुशीवर निजवून त्यांनी गुडघा दोन्ही हातांत धरला आणि टेबलाचा खण ओढावा तशी नडगी पुढे सरकवून दाखवली. या तपासणीला ड्रॉवर टेस्टच म्हणतात. नखं कापताना अख्खा दवाखाना डोक्यावर घेणाऱ्या ढब्बूने फक्त मान वळवून माझ्याकडे बघितलं.

गुडघ्यातलं लिगामेंट तुटलंय. मी लगेच आठवायला लागले, सोफ्यावरून उडी कधी मारली, पार्किंगमध्ये मांजरामागे कधी धावला. दोष द्यायला कुणीतरी हवं होतं. डॉक्टर म्हणाले, खेळाडूंचं तुटतं तसं एका झटक्यात कुत्र्यांचं सहसा तुटत नाही. विहिरीचा दोर झिजावा तसं झिजत जातं आणि एक दिवस साध्या चालण्यातही जातं. त्यात वजन ३६ किलो. (रोज संध्याकाळची तूप लावलेली पोळी कोण देतं, ते मी दवाखान्यात बोलले नाही.)

निघताना एक ताकीद मिळाली. माणसांची दुखण्याची गोळी चुकूनही द्यायची नाही, किडनी आणि पोट दोन्ही जातात. आईच्या गुडघ्याच्या गोळ्या आल्या आल्या कपाटात वरच्या फळीवर ठेवल्या.

१४ जुलै

सर्जनकडे तासभर. मला वाटत होतं, तुटलेलं शिवतात. तसं नसतंच. कुत्र्याच्या नडगीचा वरचा माथा मागे उतरता असतो, साधारण २५ अंश. प्रत्येक पावलाला मांडीचं हाड त्या उतारावरून घसरू पाहतं आणि लिगामेंट ते धरून ठेवतं. धरणारंच गेलं, तर उतारच काढून टाकायचा. हाड गोलाईत कापायचं, तुकडा फिरवायचा, उतार पाचेक अंशांवर आणायचा आणि प्लेट नि स्क्रूने बसवायचं. या ऑपरेशनला टीपीएलओ म्हणतात. म्हणजे गुडघा नीट व्हावा म्हणून धडधाकट हाड कापायचं. हे पचायला मला रस्ताभर वेळ लागला.

दुसरा मार्ग सांध्याबाहेरून जाड नायलॉनचा धागा ओवण्याचा. छोट्या कुत्र्यांत चालतो, ३६ किलोंना तो सैल पडण्याची भीती. तिसरा म्हणजे काहीच न करणं. आराम, औषध, वजन उतरवणं. पंधरा किलोंच्या आतली बरीच कुत्री तेवढ्यावर निभावून नेतात. आमचा दुपटीच्या वर.

खर्च प्लेट धरून लाखाच्या आसपास. आणि जवळपास निम्म्या कुत्र्यांचा पुढेमागे दुसराही पाय जातो. हे सर्जनने अगदी सहज सांगितलं, चहात साखर किती घेता विचारावं तसं.

भूल सोसेल का, विचारलं. रक्त, किडनी, लिव्हर, हृदयाची सोनोग्राफी, सगळं बघून ठरवू म्हणाले. पुढे, "वय हा काही आजार नाही." दोन वर्षांपूर्वी आईच्या डॉक्टरांनी शब्दशः हेच म्हटलं होतं. तरी आईने गुडघे बदलून घ्यायला साफ नकार दिला.

१५ जुलै

दादाचा नाशिकहून फोन. "दहा वर्षांच्या कुत्र्यावर लाख रुपये?" मी चिडले, कारण पहाटे तीनला मी स्वतःला हेच विचारलं होतं. लॅब्रॅडॉर जगतात दहा-बारा वर्षं. आठ आठवडे हाड जुळण्यात जाणार, तेवढे दिवस धावणं बंद, उडी बंद, जिना बंद. उरलेल्या दिवसांतले एवढे दिवस कोंडून ठेवायचे, आणि त्याला कशासाठी ते कळणारही नाही.

दादाने फोन ठेवताना विचारलं, "आईचं काय म्हणणं?" तिला कुणी विचारलंच नव्हतं.

१७ जुलै

आम्ही दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटची फाइल सहा वर्षं फिरतेय. पोटाखालून पंचा घालून मी आणि वॉचमन त्याला दिवसातून चारदा उतरवतो, चढवतो. आज पावसात दोघांचेही पाय घसरले. ढब्बू पंचात तसाच लोंबकळत राहिला, बिचारा.

वर आले तर आई दारात उभी. म्हणाली, "करून टाक गं ऑपरेशन."

"तू स्वतः नाही म्हणालीस की!"

"मला खाली न जाता चालतं. भाजी वर येते, देव घरात आहेत. त्याला शी-शूला खाली जावंच लागतं. तो काय करेल?"

मी पंचा पिळत राहिले. आई शेवटची खाली कधी उतरली होती, ते आठवत होते. दिवाळीला? की त्याच्याही आधी?

२१ जुलै

रिपोर्ट बरे आले. हृदयही ठीक. तळमजल्यावरच्या काकूंनी त्यांची पुढची खोली आठ आठवड्यांसाठी देऊ केली, मुलगा अमेरिकेत असल्याने रिकामीच असते. अट एकच, केस रोज झाडायचे. रात्री खाली त्याच्याबरोबर मीच झोपणार. तारीख मिळाली, २९. गुडघा उघडल्यावर आतली गादीही फाटलेली निघाली तर तेवढा भाग काढावा लागेल, असं आधीच सांगून ठेवलंय. तूप-पोळी बंद. त्याऐवजी काकडी. दोघंही माझ्याशी बोलत नाहीयेत.

गुळगुळीत फरशीवर पाय सरकू नये म्हणून रबरी मॅट आणल्या, आठ तुकडे. संध्याकाळी खाली अंथरायला घेऊन निघाले, तेव्हा आई हळूच म्हणाली, "त्यातली एक उरली तर माझ्या बाथरूमच्या दाराशी टाकशील?"