तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे कॅमेरे असूनही रेफरीच्या नावाने बोटं का मोडता?

माहेरून फोन आला की विचारतात, इथे सिडनीत गणपतीला जमलो की तिथेही कोणीतरी विचारतंच, की अगं त्या तुमच्या रग्बी लीगमध्ये दहा बाजूंनी कॅमेरे, रिप्ले बघायला वेगळा माणूस बसवलेला, तरी तुम्ही दर वीकेंडला रेफरीवर कसल्या चिडता? क्रिकेटमध्ये डीआरएस आल्यावर भांडणं कमी झाली ना?

झाली, पण तिथे बघायचं काय असतं, बॉल लाइनीत पडला का, बॅटला लागला का. आमच्याकडे सिडनीत बसलेला तो बंकर (रिप्ले बघणाऱ्यांची खोली, २०१६ पासून आहे) रिप्ले बघून ठरवतो की डिफेंडरला खरंच अडवलं, का तोच मुद्दाम जाऊन आदळला आणि मग हात वर करून उभा राहिला. हे कितीही स्लो करून बघा, शेवटी मत ते मतच, उलट स्लो केल्यावर प्रत्येक धक्का मुद्दाम दिल्यासारखा वाटतो.

आता २०२२ चा जुलै घ्या, टाउन्सव्हिलला काऊबॉईज विरुद्ध आमचे वेस्ट्स टायगर्स. आम्ही २६-२५ ने पुढे, घड्याळात जेमतेम एक सेकंद. काऊबॉईजनी शॉर्ट किक मारली, त्यांचा एक जण बॉलमागे धावला, वाटेत आमच्या खेळाडूला धडकला, रेफरीला त्यात काही वावगं दिसलं नाही, त्याने मॅच संपल्याची शिट्टी मारली. झालं, जिंकलो! तर त्यांनी कॅप्टन्स चॅलेंज घेतलं. अरे पण चॅलेंज रेफरीच्या निर्णयाला असतं ना, इथे कुठला निर्णय होता? पण घेतलं, बंकरने पेनल्टी दिली, हूटर वाजून गेल्यावर त्यांच्या होम्सने किक मारली, दोन पॉइंट, २७-२६ ने आम्ही हरलो. पुढे लीगनेच मान्य केलं की ती पेनल्टी द्यायला नको होती. बरं मग? पॉइंट थोडेच परत मिळतात! त्या वर्षी आम्ही तळाला होतो, पुढची दोन वर्षंही तळालाच, त्यामुळे दोन पॉइंटांनी आमचं नशीब फिरलं असतं असं काही मी म्हणत नाही, पण तस्साच धक्का मॅचच्या विसाव्या मिनिटाला कोणी ढुंकून बघत नाही, माझं दुखणं ते आहे.

आणि गंमत बघा, फॉरवर्ड पास (हाताने बॉल पुढे टाकणं, ते चालत नाही) बंकरने बघायचाच नाही असा नियम. पळणाऱ्या माणसाने मागे टाकलेला बॉलही त्याच्या वेगाने मैदानावर थोडा पुढे सरकतो, त्यात कॅमेऱ्याचा अँगल फसवतो, म्हणून. कारण पटतं मला, पण मग स्टेडियममधल्या स्क्रीनवर सगळ्या पब्लिकला पास पुढे गेलेला दिसतोय आणि ज्याला पगार देऊन बघायला बसवलाय तो गप्प, हे चित्र कसं दिसतं?

२०१९ ची रूस्टर्स विरुद्ध रेडर्स फायनल तर सगळ्यांना पाठ आहे. ८-८, रेफरीने हात फिरवून सिक्स अगेन दाखवलं, म्हणजे रेडर्सना नवे सहा टॅकल (सहा झाले की बॉल दुसऱ्या टीमला), आणि लगेच निर्णय बदलला. तो बदललेला निर्णय बरोबर होता म्हणे, पण आधीचा हात बघून रेडर्सच्या वाइटनने किक न मारता बॉल घेऊन टॅकल खाल्ला त्याचं काय? बॉल रूस्टर्सकडे गेला, थोड्या वेळात त्यांनी ट्राय मारली (बॉल समोरच्या लाइनीपलीकडे टेकवला), १४-८ ने जिंकले.

त्यापेक्षा डोकं फिरवतात ती मधूनच येणारी कडक धोरणं. २०२१ च्या मे महिन्यात ठरलं की डोक्याला हात लागला की कारवाई, सगळ्या मॅच ब्रिस्बेनला झाल्या त्या वीकेंडला खेळाडूंची मैदानाबाहेर रांग लागली. डोक्याला जपायलाच हवं, माझा मुलगा पण खेळतो, त्यावर वाद नाही. पण मग ते सप्टेंबरच्या फायनल्सलाही तेवढंच कडक ठेवा ना! कॅमेरे आणखी पन्नास लावा हवं तर, बघणाऱ्याचा हिशोब दर महिन्याला बदलत असेल तर मी ओरडणारच, शेजारी काय म्हणतील ते म्हणोत.