५२ वजा २७

शाळा विकास आराखडा लिहायचं काम माझ्याकडे आलं ते माझं अक्षर बरं म्हणून. मागच्या वर्षीची फाइल समोर होती. उद्दिष्टाच्या रकान्यात 'गणिताची गुणवत्ता वाढवणे', उपाययोजनेत 'जादा तास घेणे', जबाबदारीत 'सर्व शिक्षक'. सर्व शिक्षक म्हणजे कुणीच नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तरी मीही तसंच काहीतरी उतरवून काढलं. मुख्याध्यापकांनी पानं चाळली आणि एकच विचारलं, "बाई, मुलं नेमकी कुठं अडतात?" वर्गाची सरासरी तोंडपाठ होती, पण याचं उत्तर देता येईना.

मग पाचवीच्या चाचणीचे पेपर कपाटातून काढून आम्ही तिघींनी टेबलावर पसरले. गुण बघायचे नाहीत, फक्त चुकलेली उत्तरं वाचायची. ५२ वजा २७. पेपरमागून पेपर ३५ निघत होतं. वरचा कोण, खालचा कोण न पाहता मुलांनी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला होता. हातचा घ्यायला ती विसरली नव्हती. हातचा लागतो हेच त्यांच्या गावी नव्हतं. ज्यांना आम्ही निष्काळजी म्हणायचो, ती मुलं एक चुकीचा नियम अगदी काटेकोर पाळत होती!

शाब्दिक उदाहरणांची तऱ्हा वेगळीच. 'सीमाकडे १८ पेन्सिली आहेत. त्या राजूच्या पेन्सिलींपेक्षा ६ ने जास्त आहेत. तर राजूकडे किती?' बहुतेकांचं उत्तर २४. 'जास्त' दिसलं की बेरीज, हे आम्हीच शिकवलेलं. (कबूल करायला जरा वेळ लागला.) एका सहकारी बाईंना ॲन न्यूमन यांची पद्धत माहीत होती. ऑस्ट्रेलियातल्या या शिक्षणतज्ज्ञांनी ती १९७७ साली मांडली. मुलाला जवळ बसवायचं आणि सांगायचं: प्रश्न वाच, काय विचारलंय ते सांग, कसं सोडवशील सांग, करून दाखव, उत्तर लिही. पहिल्यांदा जिथं अडखळेल तिथं दुखणं.

एक मुलगा 'पेन्सिलींपेक्षा'वरच अडला. पेन्... सिलीं... करत शेवटाला पोचेपर्यंत वाक्याची सुरुवात विसरून गेला. तेच मी वाचून दाखवलं, तर बोटांवर मोजून म्हणाला, "बारा." आणि त्याला आम्ही वर्षभर गणिताच्या जादा तासाला बसवत होतो.

आराखडा दोन पानांवर आला. उद्दिष्टंही दोनच: हातच्याची वजाबाकी आणि समजून वाचन. वाचनासाठी तिसरी ते पाचवीची मुलं इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे बसवायची: अक्षर, शब्द, उतारा. हे सुचणं सोपं, वेळापत्रकात बसवताना घाम फुटला. तिन्ही वर्गांची तासिका एकाच वेळी आणायची तर खेळाचा तास हलवावा लागत होता, आणि खेळाचे सर ऐकेनात. बरोबरच होतं त्यांचं. कच्च्या मुलांचा खेळ आधी कापायचा ही आपली जुनी खोड. शेवटी सकाळच्या सूचना फळ्यावर लिहायला लागलो आणि पहिला अर्धा तास मिळवला. जबाबदारीच्या रकान्यात नावं घातली, त्यावरून दोन सभा तापल्या.

दर सहा आठवड्यांनी एक उतारा आणि पाच वजाबाक्या, एवढंच तपासायचं ठरलं. वजाबाकी झटकन सुधारली. काड्यांचा दहाचा गठ्ठा प्रत्यक्ष सोडल्यावर हातचा येतो कुठून ते मुलांना दिसलं. वाचनात मात्र अक्षरगट जागचा हलेना. हजेरीपट शेजारी ठेवून पाहिलं, तर त्यातली बरीचशी मुलं रोज उशिरा येणारी. ज्यांच्यासाठी तास काढला, ती यायच्या आतच तो संपत होता.

मधल्या सुट्टीनंतर तिघींनी आपापल्या तासांतून दहा-दहा मिनिटं दिली. आराखड्यातल्या त्या ओळीवर काट मारून मी वर नवी वेळ लिहिली. पुढच्या महिन्यात तपासणीला आलेल्या साहेबांनी फाइल उघडली आणि म्हणाले, "बाई, अक्षर चांगलंय तुमचं, मग एवढी खाडाखोड कशाला?"